फळीचा डावा कोपरा

१२ फेब्रुवारी

प्रिय पलंगवाले,

फोनच करणार होतो, पण आपल्या दोन्ही घरांतले फोन बहिणींच्या ताब्यात आहेत. मागच्या वेळी मी ‘हॅलो’ म्हणालो, तू ‘हं’ म्हणालास, आणि पुढचा सगळा वेळ माझी थोरली आणि तुझी धाकटी बोलत होत्या. साडू होण्याआधी आपण दोघे मित्र होतो, हे आता सांगूनही कुणाला पटायचं नाही. म्हणून पत्र. शिवाय फोनवर आकृती काढता येत नाही, आणि मला तुझ्याकडून आकृती हवी आहे.

विषय अर्थातच आपली शर्यतीची गाडी. तू दवाखान्याचे पलंग बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी धरून गाव सोडलंस तेव्हापासून ती माझी एकट्याची झाली. वेल्डिंग मात्र अजून तुझंच आहे, म्हणजे अधूनमधून सुटतं. तिचं सध्याचं दुखणं असं: ट्रॅकवरचं, प्रेक्षकांच्या स्टँडमागचं ते लांब उजवं वळण आठवतं ना? तिथे वेगात शिरलो की मी स्टिअरिंग फिरवतो आणि गाडी नाक वर करून सरळ चालू लागते. माझे कर-सल्ल्याचे पक्षकार असेच वागतात. ऐकून घेतात, मान डोलावतात, आणि आपल्याच वाटेने जातात.

क्लबातले सगळे म्हणतात, पुढे स्प्लिटर लाव. म्हणजे बंपरच्या खाली जबड्यासारखी पुढे आलेली ती आडवी फळी. वरून हवा तिला दाबते, खालून ओढते, आणि पुढची चाकं रस्ता धरतात, एवढं मलाही कळतं. दातांच्या डॉक्टरने त्याच्या निळ्या गाडीला इतकी लांब फळी लावली आहे की तिच्यावर पेशंट झोपवावा. गेली तीन वर्षं तो त्याच वळणावर मला मागे टाकतो, आणि नंतर चहा पिताना माझ्या दाढेची चौकशी करतो.

आता प्रश्न: कार्बन फायबर, ॲल्युमिनियम की प्लायवूड? घरात मी ‘मरीन प्लाय’ एवढंच बोललो, तर थोरली म्हणाली, “ओट्याखालचं कपाट करताय? देवच पावला.” तिचा गैरसमज मी अजून दूर केलेला नाही.

मोसमातली शेवटची शर्यत सप्टेंबरात आहे. त्यात मला एकदा, फक्त एकदा, डॉक्टरच्या पुढे यायचं आहे. ‘पुढच्या वर्षी बघू’ असं लिहू नकोस. जे करायचं ते याच वर्षी.

तुझा,
करबुडव्या

(हे नाव तूच ठेवलंस. मी लोकांना कर भरायला लावतो, हे तुला कितीदा सांगायचं!)


३ मार्च

प्रिय करबुडवे,

प्लायवूड. बाकीचं पत्र वाचलं नाहीस तरी चालेल.

वाचतोच आहेस तर कारणं ऐक. ॲल्युमिनियमचा पत्रा एकदा वाकला की वाकलेलाच राहतो, लग्नातल्या फोटोतल्या तुझ्या मानेसारखा. कार्बन दिसायला देखणं, पण पहिल्याच धक्क्याला तडकतं, आणि मग माणूस आठवडाभर कुणाशी बोलत नाही. प्लाय ताठ असतो, हलका असतो, आणि तुटला तर दुसरा कापता येतो. कडांना इपॉक्सीचे दोन-तीन हात दे, नाहीतर पाणी पिऊन पापडासारखा फुगेल.

आता नीट ऐक, कारण इथेच सगळे हौशी लोक माती खातात. फळी बंपरला ठोकायची नाही. बंपर म्हणजे प्लास्टिकचा मुखवटा. वेगात फळीवर येणारा दाब मुखवट्याने पेलायचा नसतो. मागची कड गाडीच्या सांगाड्याला, लोखंडी पट्ट्या घालून बोल्टने घट्ट. पुढच्या कडेला दोन ताणसळ्या, वरून सांगाड्याला अडकवलेल्या, लांबी कमी-जास्त करता येईल अशा. बोल्टखाली रुंद वॉशर, नाहीतर डोकं लाकडात रुतून आरपार जाईल. फळी आणि बंपर यांच्यामध्ये फट ठेवू नकोस, तिथून हवा पळते. आकृती सोबत आहे. फळी बंपरच्या पुढे चार बोटं, जास्त नको. डॉक्टरला पेशंट झोपवू दे.

सगळं झालं की फळीवर उभा राहा. तुझं वजन पेललं तर वाऱ्याचं पेलेल.

आणखी एक. पुढचं टोक चिकटलं की मागचं हलकं होतं. गाडी गर्रकन फिरेल. मागे डिकीवर हवेने दाबणारा पंख लावल्याशिवाय त्या वळणावर शूरपणा करू नकोस.

इथे काम जोरात आहे. कठडा वर-खाली होणारा नवा पलंग काढलाय. धाकटी म्हणते, घरासाठी एक आणा, तुम्हाला त्यातच बांधून ठेवते.

तुझा,
पलंगवाला


९ एप्रिल

प्रिय पलंगवाले,

लागली. तुझ्या आकृतीबरहुकूम, बोल्टला बोल्ट. थोरलीने दारात उभं राहून कपाट होत नसल्याचं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. मग म्हणाली, “गाडीला चौरंग करून दिलात. आता तिच्यापुढे पानही मांडा.”

फळीवर उभा राहिलो. फळी कुरकुरलीसुद्धा नाही. मी मात्र डाव्या टोकावरून खाली आलो, कारण फळी संपली होती आणि माझ्या मते ती अजून बाकी होती. ढोपराला लागलं. थोरलीने हात दिला आणि काही बोलली नाही, हे तिच्या स्वभावाला धरून नाही.

पण लेका, काय फरक आहे! लांब वळणावर स्टिअरिंग फिरवलं आणि नाक आत आलं. नुसतं आत नाही, शहाण्या मुलासारखं आत. मी हेल्मेटच्या आत मोठ्याने हसलो. मग अर्थातच मागचं टोक पुढे आलं आणि मी गवतात उलट्या तोंडाने उभा होतो. तू सांगितलं होतंस. पंख पुढच्या आठवड्यात लागेल.

एक तक्रार आहे. फळीचा डावा कोपरा खराब होतोय. पहिल्याच दिवशी टवका उडाला, दुसऱ्या दिवशी बोटभर कड गेली. उजवा कोपरा जसाच्या तसा. बसवताना माझं काही चुकलं का? मी बसतो उजवीकडे, तो कोपरा माझ्यापासून लांब, त्यामुळे अंदाज येत नाही असंही असेल. पण मग इतकी वर्षं कसा येत होता?

उपाय सांग.

तुझा,
करबुडव्या


२४ एप्रिल

प्रिय करबुडवे,

उपाय सोपा आहे. काळजी करू नकोस.

आपला ट्रॅक घड्याळाच्या दिशेने फिरतो. म्हणजे बहुतेक वळणं उजवी. उजव्या वळणावर गाडीचं अंग डावीकडे झुकतं. झुकलं की डावा कोपरा जमिनीला टेकतो आणि घासतो. शाळेतल्या पोरालाही कळेल, पण तू कॉमर्सचा.

डावी ताणसळी दोन आटे आखूड कर. डावी स्प्रिंग थोडी कडक घाल. आणि फळीच्या खाली नायलॉनचे ठोकळे लाव, आम्ही पलंगाच्या पायांना लावतो तसे. घासायचं ते ठोकळ्याने घासावं. पार्सलने पाठवतोय, भरपूर आहेत. कारखान्याचा माल आहे, पण साहेबाला मोजता येत नाही.

कोपरा पुन्हा गेला तर कळव. अजून दोन युक्त्या आहेत माझ्याकडे.

तुझा,
पलंगवाला


१७ जून

प्रिय पलंगवाले,

तुझ्या दोन्ही युक्त्या आता काढ.

डावी बाजू उचलली, स्प्रिंग बदलली, ठोकळे लावले. दोन शर्यती झाल्या. पहिलीत कोपरा पुन्हा फुटला. दुसरीत वीतभर तुकडाच उडून गेला. फळीने ताणसळीही सोबत नेली. गाड्यांचा तपासनीस म्हणाला, “साहेब, ही फळी तुम्ही बसवता की पेरता?” सगळे हसले. मीही हसलो, दुसरं काय करणार.

दुसऱ्या शर्यतीत मी डॉक्टरच्या पुढे निघण्याच्या बेतात होतो, हे मात्र लिहून ठेव. लांब वळणावर मी त्याला गाठलं, आरशात तो नव्हता, समोर नव्हता, म्हणजे मागे पडला असणार. मी रेषा धरून डावीकडे सरकलो आणि धाडकन आवाज. हा गृहस्थ माझ्या डावीकडे उगवलेला! त्याचं दार चेपलं. नंतर माझ्याकडे येऊन शांतपणे म्हणतो, “तुम्ही माझ्याकडे बघून वळलात हो.” मी त्याच्याकडे बघितलंच नव्हतं. दात उपटून उपटून माणसं काहीही बोलायला लागतात.

हल्ली सगळेच असे उगवतात. परवा फाटकातून गाडी आत घेताना खांबाने माझा आरसा मोडला. खांब अठरा वर्षं तिथेच आहे, त्याने आधी कधी असं केलं नव्हतं. ऑफिसात चहावाला डाव्या हाताला कप ठेवून जातो आणि मी कागदांवर सांडतो. थोरलीने नवीनच खूळ काढलंय: बाहेर पडलो की माझ्या डाव्या अंगाला चालते. मी म्हटलं, “अगं, वाहनांच्या बाजूला पुरुषाने चालावं.” तर म्हणते, “चाला मुकाट्याने.” वय झालं की बायका हट्टी होतात.

नवी फळी तूच कापून दे. इथला सुतार कड सरळ कापत नाही. माप चुकू नये म्हणून जुनी फळी आहे तशी पार्सलने पाठवतोय, ठोकळ्यांसकट. सप्टेंबरच्या आत हवी. कोपऱ्याला आतून पत्रा घालता आला तर बघ.

तुझा,
करबुडव्या


५ जुलै

प्रिय,

फळी मिळाली. कारखान्यात माझ्या टेबलावर चार दिवस पडून आहे.

आधी मी माप घेतलं. मग जाडी पाहिली. मग डाव्या कोपऱ्यात पत्रा कसा घालायचा याचं चित्र काढलं. चांगलं चित्र होतं. मग फळी उलटी केली.

खालचा रंग जसाच्या तसा आहे, कालच लावल्यासारखा. माझ्या ठोकळ्यांवर ओरखडा नाही. फळी खालून घासलेलीच नाही. एकदाही नाही. गाडी डावीकडे झुकते वगैरे जे मी तुला ऐटीत लिहिलं, ते सगळं चूक होतं.

कोपरा समोरून फुटलाय. सगळे घाव पुढून मागे गेलेत. इपॉक्सीत नारिंगी प्लास्टिक रुतलंय, ते ट्रॅकवरच्या शंकूंचं. कडेला चुना आहे, म्हणजे भिंत किंवा तुमच्या फाटकाचा खांब. आणि निळा रंग आहे. एका जागी नाही, तीन जागी. दार एकदाच चेपलं म्हणालास. आधी दोनदा त्याला लागून गेलास, ते तुला माहीत तरी आहे का?

उजव्या कोपऱ्यावर माशी बसल्याचीही खूण नाही.

आमच्याकडे पेशंट पलंगावरून पडला की आम्ही कठडा मोजतो. उंची वाढवतो, खिट्टी बदलतो. माणसाला चक्कर येते का, हे विचारायचं खातं वेगळं आहे, ते आमच्याकडे नाही. मी तेच केलं. तू पडत होतास आणि मी ठोकळे पाठवत होतो.

तर आता विचारतो. सरळ उत्तर दे, विनोद करू नकोस. तुला डावीकडचं दिसतं का?

पलंगवाला


१४ जुलै

प्रिय पलंगवाले,

तू पोलिसात जायला हवं होतंस. फळीचं शवविच्छेदन वाचून मी थक्क झालो. एवढ्या बारकाईने तू तुझी सोयरीकसुद्धा पाहिली नव्हतीस. माझे डोळे उत्तम आहेत. परवान्यासाठी क्लबचा तपासणीचा डॉक्टर दर वर्षी भिंतीवरची अक्षरं वाचून घेतो. मी शेवटची ओळ वाचतो. खाली छापखान्याचं नाव असतं, तेही वाचतो.

नवी फळी पाठव.

क.


२ ऑगस्ट

प्रिय पलंगवाले,

फळी आली नाही, पत्रही नाही. कळलं.

बरं, ऐक. काचबिंदू आहे. दोन वर्षांपूर्वी चष्म्याचा नंबर वाढवायला गेलो होतो, तेव्हा निघाला. डावा डोळा कडेने खात खात आत येतोय. उजव्याने नुकतीच सुरुवात केली आहे. थेंब घालतो. थेंबांनी पुढचं थांबतं म्हणतात, गेलेलं येत नाही. अक्षरं मधे असतात, म्हणून ती वाचता येतात. कडेचं कुणी विचारतच नाही.

लोकांना वाटतं, न दिसणं म्हणजे काळोख. काळोख असता तर बरं झालं असतं, काळोख निदान दिसतो. इथे काहीच नसतं, आणि काही नाही हेही कळत नाही. डोकं स्वतःच्या मनाने जागा भरून काढतं. मी डावीकडे बघतो तेव्हा मला व्यवस्थित रस्ता दिसतो, गवत दिसतं, कठडा दिसतो. फक्त त्या रस्त्यावर दातांचा डॉक्टर नसतो. मी शप्पथ घेऊन सांगतो, तो नव्हता.

फळीबद्दल मी तुला खोटं लिहिलं, असं म्हणू नकोस. पहिल्या वेळी मलाही वाटलं, बसवण्यात चूक झाली असेल. तुझं उत्तर आलं, घड्याळाची दिशा, अंगाचं झुकणं. इतकं छान पटलं की काय सांगू. दोन आटे आखूड केले की जाईल असं दुखणं मला त्या महिन्यात फार हवं होतं. मी ताणसळी आवळत होतो आणि शीळ घालत होतो.

तुला माहीत आहे माझा दिवस कसा जातो. दुसऱ्यांच्या पावत्या. लोक येतात, खोटं बोलतात, मी ते रकान्यात बसवतो. घरी येतो, थोरली टीव्ही लावते. महिन्यातून एकदा हेल्मेट घालतो आणि त्या वळणावर शिरतो, तेवढा वेळ मी कुणाचा सल्लागार नसतो. एवढंच आहे माझ्याकडे. ते गेलं की डोळे असून काय बघायचं आहे?

एक शर्यत. सप्टेंबरातली. सगळ्यांच्या मागून सुरुवात करतो, म्हणजे डावीकडे कुणी नसेल. त्यानंतर मी स्वतः चावी तुझ्या हातात देतो. आणि थोरलीला यातलं काही माहीत नाही, तिला कळू देऊ नकोस. धाकटीला सांगितलंस तर ती फोन उचलेपर्यंतच माझं आयुष्य.

तू कधी मला नाही म्हणाला नाहीस. आता म्हणू नकोस.

तुझा,
क.


११ ऑगस्ट

प्रिय करबुडवे,

काल रात्रीपासून दोन पत्रं लिहिली. एक क्लबला, एक तुला. क्लबचं आधी पेटीत टाकलं. तुझं आधी टाकलं असतं तर दुसरं टाकायचं धैर्य झालं नसतं.

क्लबला एवढंच लिहिलं की याच्या डोळ्यांची कडेची तपासणी करा, केल्याशिवाय गाडीत बसू देऊ नका. खाली माझं नाव घातलंय. निनावी लिहिता आलं असतं. तुला कळलंच असतं, आणि मग तू मला भित्राही म्हणाला असतास.

मागून सुरुवात करतो म्हणतोस. मागून सुरुवात करणारा माणूस पुढे जायला बघतो, आणि पुढे जाताना कुणाच्या तरी उजवीकडून जातो. मग तो कुणीतरी तुझ्या डावीकडे असतो. दार चेपलं तेव्हा डॉक्टर दाराच्या आत बसला होता. त्यालाही महिन्यातून एकदाच हेल्मेट मिळतं. त्यालाही दिवसभर लोकांची तोंडंच बघायची असतात.

थोरलीचं म्हणशील, तर धाकटीला मी काही सांगितलं नाही. तिनेच मला सांगितलं. मी जेवताना गप्प होतो, तर म्हणाली, “भाओजींच्या डोळ्यांचं कळलं वाटतं तुम्हाला.” दोघी बहिणींना वर्षभर माहीत आहे. आपण दोघेच पत्रं लिहीत बसलो होतो.

तुझी फळी कापून तयार आहे. चांगली झाली आहे, इतकी सरळ कड मी याआधी कापली नव्हती. ती पाठवणार नाही.

शिव्या द्यायच्या असतील तर पत्राने दे. फोनवर धाकटी असते.

तुझा,
पलंगवाला


२६ ऑक्टोबर

साडू,

शिव्या द्यायला बसलो होतो, चार-पाच वेळा. तू मी लिहिलेल्या शिव्या वाचायच्या लायकीचा नाहीस, असं ठरवून कागद फाडले. तेव्हा हे पत्र म्हणजे समेट नव्हे. माहिती आहे.

क्लबने तपासणीला बोलावलं. एका गोल भांड्यात तोंड घालून बसायचं, ठिपका चमकला की बटण दाबायचं. डाव्या डोळ्याच्या वेळी मी बराच वेळ बटण दाबायची वाट बघत होतो. मला वाटलं, यंत्र सुरू व्हायचं आहे. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, “झालं, काका.” शर्यतीचा परवाना त्याच दिवशी गेला. रस्त्यावर गाडी चालवू नका, हेही त्यांनीच सांगितलं. त्यामुळे घरी यायला थोरलीला बोलवावं लागलं.

वाटेत तिला विचारलं, “तुला माहीत होतं?” म्हणाली, “थेंब घालताना तुम्ही दाराला कडी लावता, आणि बाटली बेसिनवर विसरता.” मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? तर म्हणाली, “तुम्ही बोलाल म्हणून.”

सप्टेंबरची शर्यत झाली. गेलो नाही. डॉक्टर तिसरा आला, असं त्याने स्वतः फोन करून सांगितलं. दाढेची चौकशी केली नाही. त्याचं मला जास्त लागलं.

गाडी विकली. घेणारी जनावरांची डॉक्टर आहे, तिशीतली, हातावर कसल्या तरी चाव्याचे व्रण. तिलाही क्लबात उतरायचं आहे. पुढे फळी का नाही, असं तिने विचारलं. उरलेली ताणसळी नुसतीच लोंबत होती. मी तिला सगळं सांगितलं: बंपरला ठोकायची नाही, रुंद वॉशर, चार बोटं, मागे पंख. ती कागदावर उतरवून घेत होती. तू कापलेली फळी तिला पाठवून दे. पत्ता मागे लिहिला आहे. तुझ्याकडे ठेवून तिचं तू काय करणार, पोळ्या लाटणार?

मग ती म्हणाली, “चला ना काका, एक चक्कर मारू.” मी सवयीने उजव्या दाराशी गेलो. ती तिथेच उभी होती, चावी घेऊन. मी वळसा घालून दुसरीकडून बसलो. इतक्या वर्षांत त्या जागेवर मी बसलो नव्हतो. तिथे तू बसायचास, नाहीतर जॅक असायचा.

गल्लीच्या तोंडाशी ती थांबली. पुढे मोठा रस्ता. तिने उजवीकडे पाहिलं. डावीकडे मी आडवा आलो होतो, तिला माझ्या अंगापलीकडचं दिसेना. मला म्हणाली, “काका, तुमच्या बाजूने मोकळं आहे ना?”

मी मान वळवली. रस्ता अगदी मोकळा दिसत होता. लांबपर्यंत, स्वच्छ. ‘आहे’ हा शब्द ओठांपर्यंत आला होता.

म्हटलं, “बाई, तूच वाकून बघ. मला तिकडचं दिसत नाही.”

हे मी आयुष्यात पहिल्यांदा तोंडाने बोललो. थोरलीपाशी बोललो नव्हतो, त्या भांड्यावरच्या बाईंशी नाही, तुलाही लिहूनच कळवलं होतं. ती पोरगी स्टिअरिंगवरून पुढे वाकली, पाहिलं, आणि ब्रेकवरचा पाय तसाच ठेवला.

एक सायकल गेली. मागच्या कॅरियरवर शाळेचा गणवेश घातलेली मुलगी, पुढे तिचा बाप. समोरच्या काचेच्या मध्यावर आले तेव्हा मला दिसले.

इति,
तुझा साडू